पाटी न लावता

कामावर त्याला सगळे पाटीवाले म्हणतात. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, पण मेन स्विच पाडून त्यावर ‘माणूस काम करतोय, हात लावू नका’ ही पाटी अडकवल्याशिवाय हा गडी साधा स्क्रूसुद्धा फिरवणार नाही. साहेब ओरडोत, वरच्या मजल्यावरचे शिव्या घालोत, पाटी आधी. एका जोडीदाराची दोन बोटं पाटी न लावल्याने गेली, तेव्हापासूनची ही सवय. आणि अशा शहाण्याने रविवारी दुपारी घरचा पंखा उतरवायचा म्हणून कुणाला न विचारता खाडकन मेन पाडला. पाटी नाही, काही नाही. आता घरात कोण काम करत होतं, म्हणाल?

चपलांच्या कपाटात खालच्या फळीवर एक जुना कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असायचा, तो करत होता. सासऱ्यांनी हौसेने काढलेली एकशे त्रेचाळीस रिळं त्याने त्यावर उतरवून टीव्हीला जोडून दिली होती. त्यातली निम्मी माणसं बायकोच्या जन्माआधीची. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंची आठवण शाबूत होती, तेव्हा बायकोने त्यांना शेजारी बसवून प्रत्येक रिळाखाली टिपण लिहून घेतलं: हा कोण, ही कुणाची, कुठला प्रसंग. आता सासूबाई लेकीला तेवढ्या ओळखतात. जावयाला तर त्या दुरुस्तीवालाच समजतात. पण रोज चार वाजता टीव्हीपुढे बसून ‘हा कोण?’ विचारायचं, आणि लेकीने खालची ओळ वाचायची, हे ठरलेलं. तेवढा तासभर त्या घाबरत नाहीत, दाराची कडी काढायला धावत नाहीत.

पंखा दुरुस्त होऊन पुन्हा बसला, मेन चढला, दीड वाजला होता. टीव्हीवर करडी चौकट आली: डेटाबेस खराब झाला आहे. खाली एकच बटण, नवीन लायब्ररी तयार करा.

रिळं जागेवर होती, त्यांच्या प्रती बाहेरच्या दोन डिस्कवरही होत्या. पण टिपणं वेगळ्याच फाईलमध्ये राहायची, वीज गेल्याने मोडली ती नेमकी तीच, आणि त्या फाईलची प्रत काढायचं या महाभागाला कधी सुचलंच नव्हतं.

“काय झालं?” बायको दारात उभी.

“अडलंय जरा मशीन.”

“आपोआप?”

“हो,” तो म्हणाला.

त्याने लिफ्टचे कॉम्प्युटरवाले कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या एका जोडीदाराला फोन लावला आणि चौकटीतला मजकूर वाचून दाखवला.

“बटण दाबलंस?” जोडीदाराने विचारलं.

“नाही.”

“पण बोट जवळ नेलं होतंस.”

“हो.”

“मग ते बोट आधी खिशात घाल. दाबलं असतंस तर कोरं करकरीत झालं असतं सगळं. प्रोग्रॅम बंद कर, ती फाईल पेनड्राइव्हवर घे आणि जे काय करायचं ते त्या प्रतीवर कर. मूळ फाईलला हात लावायचा नाही.”

प्रत निघाली. जोडीदार फोनवरून एकेक अक्षर सांगत होता आणि हा दोन बोटांनी टाईप करत होता. मोडक्या फाईलमधून सापडेल ती ओळ वेचून नव्या फाईलमध्ये भरायची, अशी ती आज्ञा होती. पहिल्यांदा चाललीच नाही, याच्याकडचा प्रोग्रॅम जुना निघाला. नवा उतरवून घेण्यात अडीच वाजले. पुन्हा आज्ञा दिली. पडदा काळा, त्यावर एक रेघ उघडझाप करतेय, बाकी काही नाही.

“चालू आहे का मेलंय?”

“बस गप,” जोडीदार म्हणाला. “मध्येच बंद करशील तर खबरदार.”

तीन वाजले, साडेतीन झाले. सासूबाई लवकरच येऊन खुर्चीत बसल्या. “दुरुस्तीवाले, झालं का?” त्यांनी दोनदा विचारलं, मग उठल्या आणि दाराकडे गेल्या. कडी खडखडायला लागली. बायको त्यांना धरून परत आणत होती आणि त्या हात सोडवून घेत होत्या. तो पाठमोरा बसून सगळं ऐकत होता. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

चारला दहा कमी असताना पडद्यावर सापडलेल्या टिपणांचा आकडा उमटला. एकशे बेचाळीस. त्याने पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढीच. एक टिपण गेलं होतं, आणि ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

नवी फाईल जागेवर ठेवून त्याने मशीन चालू केलं आणि बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. “आपोआप नाही गं झालं. मी मेन पाडला होता, न विचारता.”

बायको म्हणाली, “बाहेरच्या लोकांसाठी पाटी लावता.”

त्याने कामाच्या पिशवीतली पाटी काढली आणि घरच्या मेन स्विचवर कायमची अडकवून टाकली.

चार वाजता रिळं सुरू झाली. सासूबाई विचारत होत्या, बायको वाचत होती. मग ते एक आलं. चौकड्यांच्या शर्टातला एक तरुण सायकल उलटी करून चाक फिरवतोय, आणि मध्येच वळून हसतो.

“हा कोण?”

खाली ओळ नव्हती. “बाबांचा मित्र की आतेभाऊ...” बायको आठवू लागली. “रोज समोर असायचं लिहिलेलं, म्हणून लक्षात ठेवलंच नाही मी.”

तो पुढे होऊन खुर्चीशी बसला. “आई, याचं नाव माझ्या हातून गेलं. चूक माझी आहे.”

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “असू द्या हो दुरुस्तीवाले. कसा हसतोय बघा. आपलाच असणार कुणीतरी.”

बायकोने डोळे पुसले, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि त्या रिळाखाली लिहिलं. त्या फाईलची प्रत त्याने लगेच दोन्ही डिस्कवर काढली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सायकलवाला पुन्हा हसला, आणि सासूबाईंनी विचारलं, “हा कोण?”

“नाव माहीत नाही,” बायकोने वाचलं. “आई म्हणाली, आपलाच असणार कुणीतरी.”

“तेच म्हणतेय मी,” सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत निवांत टेकून बसल्या.