शेवटच्या बाकावरची तालीम

चर्चमध्ये बसला तरी मामाचा उजवा पाय ब्रेकवर असायचा. पाळकसाहेबांचा उपदेश लांबायला लागला की त्याची टाच हळूच वर यायची आणि चवडा फरशीवर दाबला जायचा. उपदेश तरीही थांबला नाही की पुन्हा एकदा, जरा जोरात. शेजारच्या बाकावरून मामी डोळे वटारायची. बाहेर आल्यावर तो साळसूदपणे म्हणायचा, "अगं, उतार लागला हुता. मी काय करू?"

मामा एसटीत ड्रायव्हर होता. नगर-मनमाड रस्त्यावर त्याचं निम्मं आयुष्य गेलं. दुसरा कुणी चालवत असलेल्या गाडीत त्याला बसवायचं नाही. टांग्यात बसला तर टांगेवाल्याच्या शेजारी, बैलगाडीत बसला तर कासरा स्वतःच्या हातात घेऊन. त्याच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं होती. एक चालवणारी आणि दुसरी बसून राहणारी. कलेक्टर, डॉक्टर, मिशनचे साहेब हे सगळे दुसऱ्या प्रकारात मोडायचे आणि त्यांची त्याला जरा कीवच यायची.

अशा माणसाच्या घरात मी वाढले, आणि मला गाडी लागायची. साधी नव्हे, भयंकर लागायची. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यांनी मला राहात्याहून नगरला आणलं. आणलं तेही मामाच्याच गाडीतून, आणि मामी सांगायची की कोल्हारच्या पुलापासून नगरपर्यंत मी तिच्या मांडीवर ओकतच आले. पुढेही तेच. राहुरीजवळ साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की माझं सगळं संपायचं. मामाचे सोबती त्याला चिडवायचे, की काय राव, ड्रायव्हरच्या घरचं पोर आणि खिडकीतून मान आत नाही! मामाला ते फार लागायचं. मी पुढे मिशनच्या दवाखान्यात नर्स झाले. दुसऱ्यांच्या उलट्या निमूटपणे काढायचे. पण एसटीचा भोंगा लांबून ऐकला तरी मळमळून माझ्या तोंडात पाणी यायचं.

आणि दुष्काळाच्या त्या वर्षी मला इंग्लंडच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली. आमच्या घरांच्या ओळीतल्या सगळ्यांनी घरी येऊन आनंद केला. मामीने गूळ वाटला, साखर कुठे मिळत होती तेव्हा. मी मात्र आतल्या खोलीत जाऊन रडत बसले. राहुरीपर्यंत ज्या मुलीला धड जाता येत नाही, ती बंद विमानात बसून समुद्रापलीकडे कशी जाणार? सबंध रस्ताभर ओकत? लोकांना वाटलं, मामा-मामींना सोडवत नाही म्हणून रडतेय. तेही खोटं नव्हतं. पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की नकार कळवायचा.

मामाने मला अंगणात बोलावलं. "मार्थे, खरं सांग. भ्या कशाचं वाटतं?"

"उलटीचं," मी म्हणाले.

तो इतका हसला की मामी बाहेर आली. "एवढंच व्हय? मंग ते माझं काम हाय. डाक्टरला यातलं काय कळतंय? तुझ्या इमानाला अजून लई येळ हाय. तवर तुला अशी तयार करतो, अशी तयार करतो, की पायलट म्हनंल, ही बाई कुनाची?"

मी दवाखान्यातून रजा घेतली आणि तालीम सुरू झाली. मला वाटलं होतं, मामा मला आपल्याजवळ पुढे बसवेल. त्याने मला सरळ शेवटच्या बाकावर पाठवलं. तिकीट काढायला लावून, बरं का. फुकट बसलेल्या माणसाला गाडी जास्त लागते, असं त्याचं म्हणणं. शेवटच्या बाकाबद्दल त्याचा सिद्धांत असा, की रस्त्यातला एक खड्डा पुढच्याला एकदा बसतो आणि मागच्याला दोनदा. "मागच्या बाकावर जो टिकला, त्याला सर्गातपन मळमळायचं न्हाई," तो म्हणायचा. त्यात दुष्काळी कामांमुळे रस्त्याच्या कडेला जिकडे तिकडे खडी फोडणं चाललेलं. धूळ अशी उडायची की नगरहून निघालेली बाई राहुरीला म्हातारी होऊन उतरायची. पहिल्या दिवशी मी विळद घाटातच हात टेकले.

मी नर्स, मला वाटायचं उपाशी पोटी निघावं. मामाला ते अजिबात पटलं नाही. "रिकामी गाडी जास्त उडती. कधी भरलेली गाडी उडालेली बघितलीस का? पोटात भ्या ठिवू नको, भाकर ठिव." मग मामी पहाटे उठून बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायची आणि मी ती डोळे मिटून गिळायची. आश्चर्य म्हणजे मामाचं खरं निघालं. आठवडाभरातच राहुरी मागे पडली.

त्याचा दुसरा नियम नजरेचा. खिडकीबाहेरची झाडं, दगड, शेजारून जाणारा सायकलवाला, असं काहीही जवळचं बघायचं नाही. "जवळचं बघितलं की गरगरतं. लांबचं बघ. जे हालत न्हाई ते बघ." मी डोंगर बघायला शिकले. डोंगर नसेल तिथे पाण्याची टाकी, आणि तीही नसेल तिथे नुसतं आभाळ. प्रत्येक स्टँडवर गाडी थांबली की मामा खाली उतरायचा, गाडीला वळसा घालून मागे यायचा आणि खिडकीतून माझं तोंड बघायचा. माझा रंग पाहायचा आणि परत जायचा. कोल्हार, राहाता, शिर्डी, कोपरगाव. एकेक गाव सर होत गेलं.

मग कुणीतरी त्याला सांगितलं की विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत. झालं! पुढच्या खेपेला त्याने कंडक्टर शिंद्यांना सांगून मागच्या सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्या. वैशाखातलं ऊन, गाडीत कोंबड्यांची दोन डाली, बिड्या, आणि खिडक्या बंद. लोक खवळले. एका म्हाताऱ्याने शिंद्यांची कॉलरच धरली. गाडी बाभळेश्वरला थांबवून मामा मागच्या दाराशी आला आणि हात जोडून उभा राहिला. "बाबा, आमची पोरगी इलायतेला चालली. तिला कोंडून घ्यायची सवय करतोय. घटकाभर कळ काढा." म्हाताऱ्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लेकीसाठी व्हय?" तो म्हणाला, "मंग लाव की खिडकी. आमी काय मरत न्हाई." आणि धोतराच्या सोग्याने मला वारा घालत तो थेट कोपरगावपर्यंत आला. त्या दिवशी मी इतकी घामाघूम झाले होते आणि इतकी सुखात होते, की पुढे कुठल्याच प्रवासात तेवढं सुख मला मिळालं नाही.

शेवटची परीक्षा करंजी घाटाची. मामाने दुसऱ्या ड्रायव्हरशी बदली करून पाथर्डीची गाडी मागून घेतली. घाटाच्या तिसऱ्या का चौथ्या वळणावर माझा डोंगर एकदम डावीकडून उजवीकडे पळाला आणि भाकरी, चटणी, सगळी तालीम बाहेर आली. वर पोचल्यावर मामाने गाडी कडेला घेतली. पाण्याची बाटली आणली, माझ्या तोंडावर पाणी मारलं, आपल्या खाकी टोपीने माझं तोंड पुसलं. मी म्हणाले, "मामा, मला नाही जमत. मी कळवून टाकते." तो बाटलीचं झाकण लावत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा घाटात गेलो. या वेळी डोंगर जागेवर राहिला. तिसगावला मामा मागे आला, माझं तोंड पाहिलं, मान हलवली आणि जाऊन चाकावर लाथ मारून हवा बघत बसला. शाबासकीची मी वाट पाहत होते. ती काही मिळाली नाही.

जायच्या आधीच्या रविवारी घरी उपकारस्तुतीची सभा झाली. गीतं झाली, वचन वाचून झालं, आणि पाळकसाहेबांनी मामाला प्रार्थना करायला सांगितलं. मामा चारचौघांत कधी प्रार्थना करायचा नाही. उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "हे आकाशातल्या बापा, त्या पायलटाला झोप येऊ देऊ नको. त्याचं घरात भांडान झालेलं नसू दे. मधल्या थांब्यावर त्याला चांगला च्या मिळू दे. आन् आमच्या पोरीला..." इथे तो थांबला. सगळे डोळे मिटून वाट पाहत राहिले. शेवटी पाळकसाहेबांनीच "आमेन" म्हटलं.

मुंबईला सांताक्रूझच्या विमानतळावर मामा इस्त्रीच्या खाकी गणवेशात आला होता. सुट्टीवर असूनही. मामीने खूप सांगितलं, पांढरा सदरा घाला. त्याचं म्हणणं, ड्रायव्हर ड्रायव्हरला ओळखतो. तिकिटांच्या खिडकीवरच्या मुलीला त्याने सांगितलं, हिला ड्रायव्हरच्या मागचं शीट द्या, आता हिला काय होत न्हाई, पन द्या. ती मुलगी गोड हसली आणि दिली कुठलीतरी मधली जागा. आत जायच्या आधी आम्ही वरच्या गच्चीवर जाऊन उभं असलेलं विमान पाहिलं. मामा कठड्याला धरून बराच वेळ वाकून वाकून बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, आयुष्यभर पुरेल असं. तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या गाडीला टायर लई बारीक हायेत गं." त्याच्या तोंडून मी प्रत्यक्ष ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

विमानात मला काही म्हणजे काही झालं नाही. शेजारी एक पंजाबी बाई होत्या, त्या सारख्या कागदी पिशवी मागत होत्या. त्यांची पाठ मीच चोळत होते. विमान ढगात हादरलं तेव्हा माणसं देवाची नावं घ्यायला लागली. मी टक्क जागी. मला खरं तर वाटत होतं, एकदा तरी मळमळावं. मग मामाशी मनातल्या मनात भांडता आलं असतं. बघ, म्हणाले असते, तुझी तालीम काही कामाची नाही. पण पोट दगडासारखं शांत होतं, आणि मी लांब लांब चालले होते, आणि मला परत फिरवणारं काहीच उरलं नव्हतं. तेव्हा मी रडले. त्या पंजाबी बाईंनीच मग माझी पाठ चोळली.

मामा लिहायचा नाही. मामीच्या पत्रात त्याचा एखादा प्रश्न असायचा. तिकडची बस कुठल्या बाजूने चालते? बर्फात ब्रेक लागतो का? बस डावीकडूनच चालते हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं, असं मामीने कळवलं. दर वर्षी मी येईन येईन म्हणायची आणि रजेचं नाहीतर भाड्याचं काहीतरी अडायचं. तिसऱ्या हिवाळ्यात तार आली. मी पोचले तेव्हा त्याला माती देऊन आठवडा झाला होता. आपल्या आजाराचं मला कळवू नका, असं त्यानेच बजावून ठेवलं होतं. उगाच घाबरीघुबरी होऊन निघेल म्हणून.

कबरीवरून आलो आणि मामी चुलीपुढे बसली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली. "तुला न्हाई सांगितलं कधी. त्या येळेला तू गाडीवर जायचीस ना, रोज संध्याकाळी मी त्यास्नी इचारायची, काय झालं? म्हनायचे, आज पन न्हाई वकली. आन् ताट सरकून द्यायचे. घाटात तू वकलीस, त्या दिवशी मातर मागून मागून जेवले. म्हनले, पोरगी आता जात न्हाई. लई खूश हुते. वसरीत बसून गीत म्हनत हुते."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. सकाळी उठले, तोंड धुतलं, आन् गप बसून ऱ्हायले. मंग म्हनले, हे काय बरं न्हाई. उठिवतो तिला, घाटाची गाडी हाय."

मला ती सकाळ चांगली आठवते. मामा मला उठवायला आला होता. मी पांघरुणातूनच म्हणाले होते, "मामा, आज राहू दे ना." त्याने नुसतं "बरं" म्हणायचा अवकाश होता. मी नगर सोडलं नसतं, आयुष्यभर त्याच्या डोळ्यांसमोर राहिले असते. तो माझ्याकडे पाठ करून दारात उभा राहिला होता. बराच वेळ उभा होता. मला वाटलं, वहाणा शोधतोय.