मागं बघायचं नाही

आमच्या सासूबाई एका जागी बसलेल्या मी लग्न होऊन आल्यापासून पाहिल्या नव्हत्या. चहासुद्धा उभ्यानेच. पायाला भिंगरी लागलेली म्हणतात ना, ती हीच बाई. भुईगावात त्यांना बायजाकाकी म्हणतात आणि कंबर धरली की गावाला पहिली आठवण त्यांचीच येते, कारण त्या पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने कंबरेला डावा पाय मारला की भरलेली उसण उतरते, असा समज. पायाळू माणसावर वीज पडते असाही समज आहे, म्हणून लहानपणी आभाळ गडगडलं की त्यांना घरात कोंडायचे आणि बाकीचे दिवस गावाच्या कंबरा त्यांच्यासमोर उभ्या करायचे. चालायला शिकल्या त्याच सुमारास त्या लाथ मारायलाही शिकल्या.

मी, क्षितिजा, त्यांची सून. माणिकपूरला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. म्हणजे एका घरात कंबरेची दोन दुकानं, त्यातलं त्यांचं फुकट आणि जास्त चालणारं! लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी यावरून खूप भांडले. मग भांडायचा कंटाळा आला.

त्यांची रीत ठरलेली. रविवारी सकाळी अनशा पोटी यायचं. उंबऱ्याकडे पाठ करून अंगणात उभं राहायचं. सासूबाई आतून पाय लावतात. मग माणसाने सरळ निघायचं, मागे वळून बघायचं नाही, आणि घरातून कुणी त्याला हाकही मारायची नाही. हाक मारली की दुखणं परत फिरतं म्हणे.

शेजारच्या केळीच्या वाडीतला ॲन्सेल्म विहिरीतला पंप एकट्याने वर ओढायला गेला आणि कंबर धरून बसला. बसला म्हणजे म्हणायला. बसताच येत नव्हतं त्याला. डाव्या पायात कळ जायची, घोट्यापर्यंत. बिचारा सारखा वाडीत फेऱ्या घालायचा. मी त्याला दोनदा सांगितलं, दादा, दवाखान्यात या. तो हसायचा. "वहिनी, तुमच्याकडे आलो की महिनाभर व्यायाम. काकीकडं दोन मिनिटांचं काम."

त्या रविवारी तो आला. मी स्वयंपाकघरात होते. पाय लागल्याचा आवाज ऐकला, मग त्याचा आनंदाने चिरकलेला आवाज, "काकी, गेलं! कळ गेली!" आणि तो निघाला. मी कपाळाला हात लावला. आता महिनाभर हीच कथा ऐकायला मिळणार होती.

पण सासूबाई आत आल्या आणि नुसत्या फिरायला लागल्या. ओटीवरून मागच्या दारी, मागच्या दारातून ओटीवर. पातेलं उचललं, ठेवलं. झाडू घेतला, भिंतीला लावला. त्यांच्या नेहमीच्या धावपळीला काहीतरी कारण असतं. या येरझाऱ्यांना नव्हतं. शेवटी माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. एका पायाची रबरी चप्पल धरलेली होती.

"कुणाची हो आई?"

"ॲन्सेल्मची. अंगनात सुटली त्याच्या पायातून." त्या थांबल्या. "तसाच गेला गो. एक पाय उघडा. खडीवरून. चप्पल सुटली तं मान्साला कलतं ना?"

"तुम्ही हाक नाही मारलीत?"

"कशी मारू? हाक मारायची नाय."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. उघड्या पायाने खडीवरून चालला आणि कळलं नाही, म्हणजे पाय बधिर झालाय. आणि इतके दिवस छळणारी कळ एका क्षणात थांबली, म्हणजे बरं झालंच असेल असं नाही. कळ सांगणारी शीरच कदाचित मुकी पडली असेल. मणक्यांच्या मधल्या चकतीतला गर बाहेर आला की शिरा दाबल्या जातात. कंबरेच्या खाली तर शिरांचा अख्खा झुपकाच असतो, डॉक्टर त्याला घोड्याची शेपटी म्हणतात. पाय त्याच्यावर चालतात, लघवीही त्याच्यावरच. तो चेंगरला तर दिवसभराचीही उसंत नसते.

मी गॅस बंद करून धावले. सासूबाई चप्पल घेऊन माझ्या पुढे.

ॲन्सेल्म चर्चमध्ये मिसाला जायला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता, एकदम खुशीत. त्याची बायको पॉलिन तळपायाचं रक्त पुसत होती आणि तो विचारत होता, कधी लागलं? मी म्हटलं, टाचांवर चालून दाखवा. उजव्या पायाचा पंजा उचलला गेला. डावा जमिनीला चिकटलेलाच.

"लघवी कधी झाली?"

तो लाजला. बायकांसमोर काय बोलायचं! पॉलिनच म्हणाली, "रात्रीपासून नाय. जातात नि तसेच परत येतात."

"आत्ता हॉस्पिटलला चला. आत्ता."

"वहिनी, दुखत नाय तर कशाला? काकीनं बरं केलंय ना." तो चक्क वैतागला. मी समजावलं, ओरडले, शेवटी घाबरवलं. तो शर्टाची बटणं नीट करत राहिला. माझा असा संताप झाला की दोन कानाखाली द्याव्यात. इतकं शिकून मी त्या एका पायापुढे हरत होते.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि चप्पल त्याच्या पायाशी टाकली.

"मी नाय केलं बरं," त्या म्हणाल्या. "माझ्या पायात काय नाय, ॲन्सेल्म. कधीच नव्हतं. चल."

जन्मभर ज्या पायाने त्यांना गावात मान मिळाला, तो त्यांनी एका वाक्यात टाकून दिला. ॲन्सेल्म त्यांच्याकडे बघत राहिला. मग चप्पल पायात सरकवून निघाला. माझ्या नवऱ्याने, अल्पेशने, गाडी काढली.

हॉस्पिटलात एमआरआय झाला आणि दुपारीच त्याला ऑपरेशनला घेतलं. पॉलिन बाकावर माळेचे मणी ओढत होती. सासूबाई कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. नर्सने दोनदा हटकलं, तरी चालतच होत्या. एका फेरीत त्या माझ्यासमोर थांबल्या.

"क्षितिजा, माझ्या लाथेनं झालं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. पण त्यांना खोटं कळतं आणि मला ते सांगता येत नाही. "माहीत नाही, आई. चकती आधीच फाटली असेल. तुमच्या पायाने आणखी सरकली असेल, किंवा नसेलही. हे आता कुणीच सांगू शकणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा चालू लागल्या.

काही दिवसांनी लघवीसाठी घातलेली नळी निघाली, लघवी मोकळी झाली. पंजा मात्र लुळा राहिला. आणखी काही तास आधी आला असता तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि नेमक्या सासूबाई तिथेच होत्या. त्यानंतर त्यांनी कुणालाही पाय लावला नाही. लोक यायचेच. त्या अंगणातच अडवायच्या, टाचांवर चालायला लावायच्या आणि माझ्याकडे पिटाळायच्या. ॲन्सेल्मच्या घरी रोज काहीतरी पोचवायच्या, पण फाटकातूनच. त्याच्या पायाकडे बघायचं धैर्य त्यांना नव्हतं. घरात येरझाऱ्या वाढल्या. ताट घेऊनसुद्धा फिरायच्या. मला काळजी वाटायची, आणि खरं सांगते, चीडही यायची.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी ॲन्सेल्म स्वतःच आमच्याकडे आला. लुळा पंजा उचलून धरायला बुटात प्लास्टिकची पट्टी, हातात केळ्यांचा घड. माझ्याकडचे व्यायाम तो कुरकुरत का होईना, करत होता. घड ओटीवर ठेवला, अगदी जुन्या सवयीने उंबऱ्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "काकी, पाय लाव."

सासूबाई पांढऱ्या पडल्या. "नाय."

"बरं. मग येतो." तो हसला आणि निघाला. डावा पाय जरा उंच उचलून, जपून टाकत. त्या दारात उभ्या राहून तो पाय बघत होत्या, पहिल्यांदाच. तो फाटकापर्यंत पोचला.

"ॲन्सेल्म!" त्यांनी जोरात हाक मारली. "मागं बघ!"

तो पट्टीच्या पायावर भार देऊन अख्खा वळला. "काय गो काकी?"

"काय नाय. जा."

तो हात हलवून गेला. सासूबाई हळूच खाली वाकल्या, उंबऱ्याला हात लावला आणि तिथेच बसल्या. मी चहा आणून दिला. तो त्यांनी बसून प्यायला.