लॉजवरची गादी

"दादा, घरात रंगकाम काढलंय," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, आणि काडीपेटी पेटला.

आता पेटायला त्याला फार काही लागत नाही म्हणा. गावात या थोरल्याचं काडीपेटी हे नाव पडलं ते काय उगीच? बसस्टँडच्या मागे त्याचं गाद्यांचं दुकान. गिऱ्हाईक नुसतं "जरा घट्ट भरलीय का हो?" म्हणालं, की हा दाभण बाजूला ठेवून बाह्या सरसावतो. पण त्या दिवशी त्याच्या जागी गोगलगाय असती तरी भडकली असती. त्याच्या बायकोचा पाठीचा मणका सरकला होता. डावा पाय बधिर पडत चालला होता. तळव्याला करकचून चिमटा काढला तरी ती विचारायची, "काढलात का?" गावच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात सकाळची वेळ घेऊन दिली. वर दम भरला, "आदल्या दिवशी जा. उतरलात की तिला सपाट झोपवा. फार उठबस झाली तर पाय कायमचा जाईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

आणि त्याच शहरात सख्खा भाऊ राहतो! नवव्या मजल्यावर, ऐसपैस घरात. या भावाला शिकवलं कुणी? काडीपेटीने. बाप लवकर गेला तेव्हा हा स्वतः शाळा सोडून दुकानात बसला, आयुष्यभर नाकातोंडात कापूस घेतला, आणि धाकट्याच्या अंगावर कापसाची धूळ पडू दिली नाही. आई गेली तेव्हा काडीपेटीने तिची गादी उसवली. त्यातला कापूस स्वतःच्या हाताने पिंजला, अर्धा अर्धा केला, त्यात नवा मिसळला आणि दोन गाद्या शिवल्या. एक स्वतःला ठेवली, दुसरी धाकट्याला लग्नात दिली. दोन्ही गाद्यांच्या पायाकडच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली घातली. आयुष्यात हजारो गाद्या शिवल्या त्याने, पण ती फुली तिसऱ्या गादीवर कधी घातली नाही.

"रंगकाम काढलंय तर मग आम्ही उतरायचं कुठे? तुझ्या गॅलरीत वाळत घालतोस का आम्हाला?"

"तसं नव्हे दादा. वासाचा वहिनींना त्रास होईल म्हणून म्हणतोय. इस्पितळाच्या मागे एक लॉज आहे. स्वस्त आहे, मालक माझ्या ओळखीचा आहे. माझं नाव सांगा, भाड्यात सूट देईल."

"तुझं नाव सांगून मी पाणीसुद्धा पिणार नाही!" काडीपेटी म्हणाला आणि फोन असा दाबला, की जणू धाकट्याचा गळाच हातात होता.

बायको पलंगावरून म्हणाली, "घ्या की पत्ता लिहून. असू द्या जवळ."

"पत्ता गेला खड्ड्यात. शहर काय त्याच्या एकट्याच्या बापाचं आहे?"

"तुमचा नि त्याचा बाप एकच होता," ती म्हणाली. पण ऐकतो कोण! शेवटी तिनेच मागाहून जावेला फोन करून पत्ता घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

बसमध्ये काडीपेटीने कंडक्टरशी भांडून शेवटची अख्खी सीट मिळवली आणि बायकोला आडवी केली. इथवर सगळं ठीक चाललं. पण बस थांबली ती शहराच्या बाहेर, एका ओसाड मैदानात. आता गाड्या आत जात नाहीत म्हणे. आजारी माणसाने काय करावं, याचा विचार कुणी केलाय? छे! टॅक्सीवाले दाराशीच टपून होते. एकजण म्हणाला, "त्या भागात जायचं तर परतीचंही भाडं पडेल."

"का? मी काय तुझ्याबरोबर परत येतोय?"

"मग चालत जा, काका."

झालं. काडीपेटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असले पैसे मोजण्यापेक्षा शहरातल्या साध्या बसने गेलेलं बरं, म्हणून तो बायकोला घेऊन बसमध्ये चढला. बसलं की तिच्या मांडीतून कळ जायची, म्हणून ती दांडी धरून उभीच राहिली. प्रत्येक खड्ड्याला तिचे ओठ पांढरे पडायचे आणि हा ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धारायचा. सगळी बस यांच्याकडे बघत होती. पाठीच्या कळांपेक्षा तिला त्याची लाजच जास्त छळत होती.

इस्पितळाच्या रस्त्यावर लॉज पुष्कळ. पहिल्या ठिकाणचा पोरगेला मॅनेजर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "बुकिंगचा कोड सांगा."

"अरे, अख्खा माणूस समोर उभा आहे, कोड कसला मागतोस? मला हात लावून बघ, खरा आहे का ते!"

तिथून बाहेर. पुढच्या लॉजमध्ये खोली मिळत होती, भाडंही परवडणारं होतं. बायकोला खाली भिंतीला टेकवून काडीपेटी खोली बघायला वर गेला. आता खोली बघायची म्हणजे माणूस काय बघतो? नळाला पाणी आहे का, कडी लागते का. काडीपेटीने यातलं काही बघितलं नाही. त्याने सरळ चादर उचलली, पंजा पसरून गादीच्या मधोमध दाबला आणि हात काढला. दुकानात तो अशीच गादी जोखतो. चांगला कापूस हळूहळू वर येतो. या गादीला खड्डा पडला तो पडलाच.

"हिला गादी म्हणता? चिंध्या भरल्यात. माझ्या बायकोचा मणका आहे का मस्करी?" असं म्हणून तो खाली उतरला.

त्याच्या पुढच्या ठिकाणी गादीच्या शिवणीत ढेकणांनी संसार मांडलेला. तेही एक वेळ समजण्यासारखं. पण त्यानंतरचा लॉज चांगला होता हो! स्वच्छ, तळमजल्यावरची खोली, बोलायलाही माणसं बरी. पण काडीपेटीने गादीची कड उसवून आतला कापूस बघायला घेतला. मॅनेजर धावत आला.

"अहो, हे काय करताय?"

"सरकी आहे यात. नीट पिंजलेलाच नाही कापूस. फसवलंय तुम्हाला."

"तुम्हाला खोली पाहिजे का गादी? गादी पाहिजे तर दुकानात जा! निघा इथून."

बोलाचाली करत तो बाहेर आला तेव्हा बायको भिंतीला टेकलेली नव्हती. ती फुटपाथवर बसली होती, डावा पाय समोर लांब पसरून. तो पाय तिने दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"अगं, बसू नको म्हटलं होतं ना डॉक्टरांनी!"

"बसले नाही," ती म्हणाली. "पडले."

काडीपेटीच्या तोंडचं पाणी पळालं. तो उचलायला वाकला तर तिने त्याचा हात झिडकारला. उभ्या आयुष्यात ती त्याच्यावर ओरडली नव्हती. आज भर रस्त्यात ओरडली.

"तुम्हाला गादी बघायचीय का मला झोपवायचंय? एकदा काय ते ठरवा! आल्यापासून भांडताय. टॅक्सीवाल्याशी भांडलात, ड्रायव्हरशी भांडलात, आता गाद्यांशी भांडताय. भांडण आहे तुमचं भावाशी, आणि पाय जातोय माझा! तुमचा राग इतकी वर्षं झेलला, आता पाठीत बळ नाही उरलं." तिने पर्समधून चिठ्ठी काढून त्याच्या अंगावर फेकली. "हा पत्ता. तिथे न्या, नाहीतर मी इथेच झोपते रस्त्यावर."

काडीपेटीने चिठ्ठी उचलली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या घडीला पीळसुद्धा गेला. त्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि धाकट्याच्या ओळखीच्या लॉजवर नेलं.

लॉजवाला भला माणूस होता. धाकट्याचं नाव सांगताच तोंडभर हसला, भाडं निम्म्यावर आणलं आणि स्वतः पुढे होऊन खोलीचं दार उघडलं. काडीपेटीने या वेळी चादरीला हात लावला नाही. बायकोला हळूच पलंगावर टेकवलं, पाय सरळ केले. तिने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला.

"आई गं," ती म्हणाली. "ही बरी आहे हो गादी. काढू नका हिची खोड."

"नाही काढत," तो म्हणाला. थोड्या वेळात तिचा डोळा लागला.

पण हाताची सवय जाते होय? तिच्या पायाशी बसल्या बसल्या पंजा आपोआप गादीवर टेकला, दाबला गेला. कापूस हळूहळू वर आला. काडीपेटीने पुन्हा दाबून बघितलं. मग त्याने पायाकडची चादर सारली. कोपऱ्यात लाल फुली होती. रंग विटला होता, पण टाका त्याचाच.

लॉजवाला पाण्याचा जग घेऊन आला. "ढेकूण शोधताय होय? आमच्याकडे नाहीत हो!"

"ही गादी कुठून आणली?" काडीपेटीचा आवाज इतका शांत होता, की गावात कुणी ऐकला असता तर पळ काढला असता.

"तुमच्या भावाचीच की! त्यांनी नवी स्प्रिंगची घेतली ना. ही फुकट दिली बिचाऱ्यांनी. म्हणाले, घेऊन जा बाबा, नुसती जागा अडवतेय. माझ्याच टेम्पोतून आणली." लॉजवाल्याने गादीवर कौतुकाने थाप मारली. "दणकट आहे. पोत्यासारखी जड."

फुकट! आणि जागा अडवतेय! एवढ्या ऐसपैस घरात आईच्या कापसाला एक कोपरा द्यायला जड गेला धाकट्याला? काडीपेटीने तो कोपरा मुठीत धरला. अस्सं खेचावं, अस्सं डोक्यावर घ्यावं आणि नवव्या मजल्यावर नेऊन त्या स्प्रिंगच्या गादीवर आदळावं. रंगात बरबटवावं त्याला आणि त्याच्या भिंतींना. मूठ आवळली, कोपरा वर आलासुद्धा. पण त्या गादीवर त्याची बायको झोपली होती, आणि कित्येक दिवसांत ती अशी झोपली नव्हती.

त्याने मूठ सोडली. "मी गादीवाला आहे," तो लॉजवाल्याला म्हणाला. "तुला नवी शिवून पाठवतो, याच्यापेक्षा जाड. ही मी घेऊन जाणार." लॉजवाल्याला काही उमजलं नाही, पण सौदा फायद्याचा दिसला म्हणून त्याने मान डोलावली.

काडीपेटीने बाहेर जाऊन धाकट्याला फोन लावला.

"पोचलात का दादा? खोली बरी आहे ना? वहिनी कशा आहेत?"

"झोपलीय. आईच्या गादीवर."

 पलीकडे धाकट्याची त त प प सुरू झाली. "दादा, ती ना... हिची पाठ दुखायची हो तिच्यावर... आणि इतकी जड, वर-खाली करायला... मी सांगणारच होतो तुम्हाला."

"नको होती तर एक फोन करायचा होतास! मी आलो असतो. डोक्यावरून नेली असती गावापर्यंत. तिच्या कापसावर वाढलास आणि तिलाच म्हणतोस, जागा अडवतेय? कसला रंग देतोयस रे घराला? चांगला जाड दे. आत काय आहे ते दिसायला नको कुणाला."

"दादा, चुकलं माझं. मी गाडी घेऊन आत्ता येतो. उद्या इस्पितळात मी नेतो वहिनींना. मी येतो, दादा."

"येऊ नकोस," काडीपेटी म्हणाला. "इथे जागा नाही."

काडीपेटी धुसफुसत आत आला. पायाकडचा एक टाका सुटला होता, तिथला कापूस बाहेर डोकावत होता. टेम्पोत ओढताना सुटला असणार. नीट उचलायचीही अक्कल नाही मेल्यांना! सदऱ्याच्या कॉलरला आतून दोरा ओवलेली सुई टोचून ठेवायची त्याची जुनी सवय. ती काढून तो जमिनीवर बसला आणि बायकोच्या पायाशी टाका घालू लागला. सुई खुपसली की एक शिवी, दोरा ओढला की दुसरी. धाकट्याला, त्याच्या रंगाला, टॅक्सीवाल्याला, आणि शेवटी फुटपाथ आठवला तेव्हा स्वतःला.

लांब दोरा ओढताना तो तिच्या तळव्यावरून घासत गेला. तिने पाय आखडला.

"अहो, गुदगुल्या कसल्या करताय?" ती झोपेतच पुटपुटली.

काडीपेटीची सुई हवेतच राहिली. त्याने नीट निरखून बघितलं. डावाच पाय होता.

"काय म्हणालीस?"

"गुदगुल्या होतायत. झोपू द्या की माणसाला."

त्याने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. खिशात फोन वाजायला लागला होता, धाकट्याचाच. वाजू दे, बोंबलू दे लेकाचा. डोळ्यांतलं पाणी बाहीने पुसत काडीपेटीने दोऱ्याचं टोक पुन्हा तिच्या तळव्यावरून फिरवलं. तिने पाय झाडला. फोन वाजून वाजून थांबला, आणि तो आणखी एकदा दोरा फिरवायला लागला.