म्हैस धरून सात

शाळेत खडू संपतो, तक्ते फाटतात, झाडू तर पंधरवड्यात टक्कल पडून बसतो. साठत जातात ते फक्त किस्से! त्यांच्यासाठी कपाट अजून कुणी मंजूर केलं नाही, म्हणून मी आपली तोंडीच ठेवते.

आमची शाळा बेंबळीच्या पुढं, वस्तीवर. शिक्षक दोन, मी आणि हेडसर. वर्ग चार. बाकी सगळं हिशोबात.

* * *

सुरुवात ट्रेनिंगपासून झाली. विषय होता, 'परिसर अभ्यासातून मोजणी'. पोरांना बसवून शिकवू नका, हिंडवा, हाताळू द्या, हे साहेबांनी आम्हाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून सांगितलं.

मोजणीचं एवढं जंगी ट्रेनिंग, आणि दुपारी वडापाव कमी पडले! शेजारच्या गायकवाड बाई म्हणाल्या, "साहेब, पुढच्या बॅचला आधी वडापाववाल्याला बसवा."

* * *

पहिला उपक्रम 'माझं कुटुंब'. घरातली माणसं मोजून यायची, जेवढी माणसं तेवढे खडे आणायचे.

पहिलीतल्या ईश्वरीनं सात खडे आणले. "आजी, आजोबा, आई, काका, दादा, मी आन् म्हस."

"अगं, म्हैस माणूस आहे का? आणि पप्पा कुठं गेले?"

"आजी म्हणली, पप्पाला नगं धरू. कामाचं तेवढं धर."

दुसऱ्या दिवशी पप्पा शाळेत हजर. "बाई, मला मोजलं न्हाय म्हणं!"

मी म्हटलं, "गृहपाठ तुमच्या आईंनी तपासलाय. खाडाखोड करायची असेल तर त्यांच्याकडं जा."

ते गेले नाहीत. ईश्वरीकडं अजून सातच खडे आहेत.

* * *

मग सूचना आली, मोजायला परिसरातलंच साहित्य वापरा. पोरांनी बोरं आणली, शेंगा आणल्या. दुसरीतल्या समर्थचा मामा तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात. समर्थनं दप्तरातून अख्खी लड काढली!

"बाई, शंभर हाईत. एकेक वाजवत मोजू का?"

मी लड बादलीतल्या पाण्यात बुडवली, पोरांना लांब बसवलं, आणि बादलीचा फोटो साहेबांना पाठवून विचारलं, 'हे आलंय, काय करू?'

लगेच उत्तर आलं, 'स्तुत्य उपक्रम. व्हिडिओ पण टाका.'

* * *

नागरिकशास्त्राच्या नावानं वर्गमंत्री निवडला. मतपत्रिका म्हणजे चिंचोका. आपला चिंचोका आवडत्या उमेदवाराच्या डब्यात टाकायचा. समर्थ स्वतः उमेदवार, आणि डब्यांवर लक्ष ठेवायलाही तोच. ही चूक माझी नाही, परिसराचा परिणाम!

हजर पोरं बारा, चिंचोके निघाले सतरा.

"समर्थ, हे कसं काय रे?"

त्यानं खिशात हात घातला. "कमी पडत्यात का बाई? अजून हाईत की!"

फेरमतदान घेतलं. ईश्वरी निवडून आली. समर्थनं निकाल मान्य केला नाही, हे सांगायला नकोच.

* * *

'सार्वजनिक सुविधा' शिकवायला पोरांना गावात नेलं. नळ मोजायचे होते.

"बाई, नळ नऊ. पाणी येणारे दोन," समर्थ म्हणाला. "वजाबाकी करू?"

"कर."

फळ्यावर मोठ्ठा सात आला. गावात तो माझ्या आधी पोचला. संध्याकाळी सरपंच आले.

"बाई, तुम्ही राजकारणात पडू नका."

"अहो, दुसरीचा अभ्यास आहे!"

"मग बेरीज शिकवा की! गावात वजाबाकी कशाला काढली?"

पण आठवडाभरात मारुतीपाशी एका नळाला पाणी आलं. सरपंच स्वतः वर्गात आले, डस्टर घेतलं आणि साताचा सहा करून गेले.

* * *

आता शेवटचा. शाळा अजून चालू आहे, हे आधीच सांगते, नाहीतर मधेच हळहळत बसाल.

पट कमी म्हणून आमची शाळा लांबच्या शाळेत मिसळायची चर्चा चालली होती. मधे ओढा. पहिलीतलं लेकरू पावसाळ्यात तो कसा ओलांडणार, याचीच मला काळजी. अशात एक मोठे साहेब तपासणीला आले. हेडसरही आले होते. ते एरवी मीटिंगला असतात. कसली, ते मीटिंगलाच ठाऊक!

पटावर बावीस, समोर चौदा. साहेबांनी ईश्वरीला उभं केलं. "बाळ, शाळेत मुलं किती?"

"बावीस."

"नीट मोज."

तिनं बोट दाखवत चौदा मोजली, आणि मग रिकाम्या जागांवर बोट ठेवत पुढं गेली. "पंधरा राधा, सोळा किसन... ही ऊस तोडायला गेल्यात, आईबाबासंगं. येणार हाईत परत. बावीस."

माझे डोळे भरून आले. साहेबांचे नाही. "असं चालत नाही, बाळ. जे रोज शाळेत दिसतात तेच मोजायचे. सांग बघू आता, शिक्षक किती?"

"एक."

"एक? अगं, हे सर?"

ईश्वरीनं हेडसरांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग साहेबांकडं वळून म्हणाली,

"ह्ये तुमच्यासंगं आल्यात न्हवं?"