घोणस, कचौरी आणि काकूची हाक

आधीच सांगतो, मी आवाज काढणारा माणूस आहे. म्हैस, माकड, आमचे प्रिन्सिपल... फर्माईश करा फक्त. त्यामुळे "कुणीच नव्हतं पण आवाज आला" असं कुणी सांगितलं की मला हसूच यायचं — असेल माझ्यासारखाच एखादा कार्टा लपलेला!

आमचं घर बनारसला, बालाजी घाटाजवळ. काका युनिव्हर्सिटीत बेडूक-साप-मासे शिकवायचे, आता रिटायर. ते जंगलातून आले की काकू आतूनच ओरडायची, "अहो, आधी पाय धुवा!" तिची ही नक्कल म्हणजे माझा हिट आयटम. ती गेल्यावर एकदाच केली... काका ताटावरून उठले. त्यानंतर बंद. काकांचं बाहेर पडणंही बंद.

शेवटी यंदा पाऊस ओसरल्यावर त्यांना जबरदस्तीने चकियाच्या जंगलात नेलं. जीपवाला रामजतन जीपमध्येच लवंडला. आम्ही खाली झाडीतल्या डबक्यावर. काका चपला काढून पाण्यात पाय सोडून बसले, बारके मासे तळव्यांना गुदगुल्या करायला लागले आणि काका चक्क हसले! मला चेव आला. झाडावरच्या बेडकाचा आवाज काढला — टक-टक-टक. पलीकडून लगेच उत्तर!

"गाढवा, जमलं की तुझं लग्न! थांब, सूनबाई बघून येतो," म्हणत काका अनवाणीच पाचोळ्यातून निघाले.

मी कचौरी तोंडात कोंबली. तेवढ्यात मागून, जीपच्या बाजूने —

"अहो, आधी पाय धुवा!"

काका उचललेला पाय तसाच मागे घेऊन गर्रकन वळले. जन्माची सवय! आणि जिथे पाय पडणार होता, तिथला पाचोळा कुकरसारखा फुसफुसला. घोणस! चांगली मनगटाएवढी. सावकाश सरकत झुडपात गेली.

"तू ओरडलास?" काकांनी मला विचारलं.

मी कचौरीने भरलेलं तोंड उघडून दाखवलं.

वरून रामजतन धावत आला. "भइया, अम्माजी भी आई हैं का? किसको डाँट रही थीं?"

त्याने काकूला कधी पाहिलेलंही नाही हो!

काकांनी डबक्यात पाय स्वच्छ धुतले, मगच जीपमध्ये बसले. घरी आल्यावर पोळी मागून घेतली आणि म्हणाले, "कर रे, ती नक्कल कर."

मी तोंड उघडलं... येईना! म्हैस येते, प्रिन्सिपल येतात, काकू येत नाही. आजतागायत नाही. का, ते मला विचारू नका, मलाच कळलेलं नाही.

काका मात्र मजेत जेवत होते.

"राहू दे," म्हणाले, "ओरिजिनल ऐकलंय मी."