दिपमाला मॅडमची मोठी सुट्टी

आमच्या शाळेची घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. सकाळी ती मी वाजवतो, संध्याकाळी ज्याचे हात मोकळे असतील तो वाजवतो. मोठ्या सुट्टीची घंटा मात्र दिपमाला मॅडमच वाजवणार. वाजवताना त्या घड्याळाकडे बघत नाहीत. त्यामुळे सुट्टी जरा लवकर सुरू होते आणि बरीच उशिरा संपते. मी एकदा हे त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाल्या, "योगेंद्र सर, तुमचं घड्याळ पुढे असेल." विषय संपला.

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची चौथीपर्यंतची शाळा. शिक्षक दोनच, मी आणि मुख्याध्यापिका म्हणून त्या. मूळच्या पहूरच्या, लग्न होऊन धुळ्याच्या झाल्या आणि नोकरीसाठी इकडे आल्या. बोलणं थोडकं, पण एकदा बोलल्या की शब्द मागे घेणार नाहीत. मोठ्या सुट्टीत पायरीवर बसून त्या डबा खातात आणि पोरांच्या खेळात अजिबात पडत नाहीत. कुणी रडत आलं की गुडघ्याला रक्त आहे का तेवढं बघतात आणि सांगतात, "जा, तुमचं तुम्ही मिटवा." सुरुवातीला मला हा सरळ कामचुकारपणा वाटायचा. मी खेळाच्या तासाचा माणूस. माझ्या तासाला शिट्टी असते, रांग असते, आणि पोरं मी सांगेन तेच खेळतात. मॅडम म्हणायच्या, "तो तुमचा तास झाला, सर. सुट्टी त्यांची आहे."

गेल्या जूनमध्ये शीतल दुसरीत आली. तिचे वडील कुवरसिंग डोंगरावरच्या पाड्यातले. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, ते हिलाल नानांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून राहिले होते आणि नानांच्या शेतातल्या खोलीत कुटुंब आणलं होतं. घरी सगळे पावरी बोलणारे. वर्गात शीतल तोंड उघडायची नाही. नाव विचारलं तरी खिडकीबाहेर बघायची. मी गोंजारून पाहिलं, चित्रं दाखवून पाहिली, एकदा चिडूनही पाहिलं.

ती बोलली ती मैदानावर. मी ऐकलेला तिचा पहिला शब्द होता "आउट". मग डबा ऐसपैसमध्ये तिच्यावर राज्य आलं, तेव्हा कडुलिंबाला तोंड लावून तिने शंभरपर्यंत आकडे मोजले, तेही न चुकता. मला महिनोन्महिने जमलं नव्हतं ते झाडाच्या खोडाला जमलं, याचा मला रागच आला. मॅडम डबा खात होत्या. माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या, आणि ते हसणं मला जास्त लागलं.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमचं मैदान गावाचं खळं होतं. सगळा मका तिथेच वाळतो. कुणी विचारत नाही, कुणी हरकत घेत नाही. यंदा पाऊस लांबला, कापणी लांबली, आणि शाळा उघडली तरी मैदान पिवळंच होतं. बराचसा मका हिलाल नानांचा. नाना शाळा समितीचे अध्यक्ष, आणि मैदानाची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली.

"थोडा दिनना सवाल शे, मॅडम," नाना समितीच्या बैठकीत म्हणाले. "तवलोंग सुट्टीमा पोरेसले वर्गमाच बसाडा. पाढा म्हणतीन." दोन-चार पालकांनी माना डोलावल्या. कुणी तर म्हणालं, की मका उचलल्यावरही हेच चालू ठेवा, पोरं नुसती उंडारतात.

मॅडमनी तेवढ्यापुरतं मानलं, कारण वाळता मका पोरांच्या पायाखाली जाऊ द्यायचा नाही हे त्यांनाही पटत होतं. पोरं डबे खाऊन वर्गातच बसू लागली. एकमेकांना चिमटे, रडारड, पाटीवर थुंकी. शीतल पुन्हा मुकी झाली.

त्याच आठवड्यात कुवरसिंग शाळेत आले. दाराबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "नाना म्हणतस, पोर बोलत नही, तिले शाळामा काय करनं शे? शनवारलोंग वाट दखस. नहीतर घर राही, धाकला भाऊले सांभाळी."

"ती बोलते, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "चांगली ठणकावून बोलते. मैदानावर."

कुवरसिंगनी मैदानाकडे पाहिलं. तिथे त्यांनीच पसरलेला मका होता. मग ते तो पायाने खालीवर करायला निघून गेले. मला फार वाईट वाटलं. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र काळजी दिसेना. त्या म्हणाल्या, "नानांना निरोप द्या, सर. म्हणावं, पाढे तुम्हीच घ्यायला या. पोरं तुमचं ऐकतील."

नाना खूश. शनिवारी पांढरी टोपी घालून आले आणि भरल्या वर्गापुढे खुर्चीवर बसले. दोनाचा पाढा झाला, तिनाचा झाला. चाराला कुणी पाणी मागितलं, कुणी पेन्सिल पाडली, आणि नानांचा नातू भूषण पहिल्याच बाकावर पेंगायला लागला. शीतलला उभं केलं, ती खिडकीबाहेर बघत राहिली. नानांनी मान हलवली, "दखा, मी म्हणत व्हतू ना." सहाच्या पाढ्याला नाना स्वतःच चुळबुळायला लागले. खिशातली तंबाखूची पुडी चाचपत उठले आणि दाराशी आले.

दारात मॅडम उभ्या होत्या. "कुठे, नाना?"

"जरासा पाय मोकळा करी येस."

"करा की," मॅडम म्हणाल्या. "पोरांनाही करू द्या."

नाना काही बोलायच्या आत त्या कडुलिंबाखाली गेल्या आणि घंटा वाजवली. शनिवारची सकाळची शाळा, सुट्टीला अजून बराच वेळ होता. पण आठवडाभर कोंडलेली पोरं, त्यांना घड्याळाशी काय देणंघेणं? मका आणि कुंपण यांच्यामध्ये पायवाटेएवढी जागा उरली होती. सगळी तिथेच घुसली. एकाचाही पाय मक्यावर पडला नाही, हे मी मुद्दाम बघत होतो. शीतलने काडी घेतली, मातीत रेघ ओढली आणि लंगडीचे गडी वाटले. मक्यात उभे असलेले कुवरसिंग थांबले.

भूषण बाद झाला आणि नाही म्हणाला. झालं, शीतल त्याच्यावर तुटून पडली. रेघ कुठे, पाय कुठे, कुणी पाहिलं, आधी कोण टेकलं, सगळं आमच्या अहिराणीत, मधूनच पावरीत, दम न घेता. भूषण रडकुंडीला आला आणि मॅडमकडे पळाला. मॅडम म्हणाल्या, "तुमचं तुम्ही मिटवा." तो परत गेला, आणि मुकाट्याने बाद झाला.

नाना तंबाखू मळायचं विसरले. बघता बघता चार पावलं पुढे आले. शीतल कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर आली.

"नाना, बाजूले व्हा. तुम्ही रेघवर उभा शेतस."

नाना बाजूला झाले. बाजूला जागाच नव्हती, म्हणून स्वतःच्याच मक्यात उभे राहिले. थोड्या वेळाने कुवरसिंगना म्हणाले, "तुनी पोर घरबी इतली भांडस का रे?"

"नही, नाना," कुवरसिंग म्हणाले. त्यांचे डोळे मुलीवरून हलत नव्हते. "घर तिनासंगे खेळाले कोनी नही ना."

नानांनी टोपी काढून घाम पुसला. मग खाली वाकून स्वतःच मक्याची कड आत ओढायला लागले. कुवरसिंग धावत फावडं घेऊन आले. पोरांची रेघ हातभर पुढे सरकली, मग आणखी हातभर.

मी घड्याळ पाहिलं. सुट्टी कधीच संपायला हवी होती. मॅडम पायरीवर डबा उघडून बसल्या होत्या. मी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि त्यांच्या शेजारी माझा डबा उघडला.