तिसरा पुकारा

गुन्हेशास्त्राची पदवी घेताना मी तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसायचे. तिथले पट्टेवाले काका आरोपीचं नाव तीनदा पुकारायचे. तिसऱ्यांदाही कुणी आलं नाही की वॉरंट. दोन पुकारे ते दारातूनच द्यायचे. तिसऱ्याला मात्र पार फाटकापर्यंत जायचे आणि चपलेत नसलेला खडा काढत रेंगाळायचे.

एकदा विचारलं, तर म्हणाले, "आगं, कडेगावची एसटी अजून आली न्हाई."

पुढं पोलीस व्हावं की वकील, माझं ठरत नव्हतं. शेवटी परिवीक्षा अधिकाऱ्याचा फॉर्म भरला. तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेल्यांना सांभाळायचं काम. काकांना सांगितलं.

"लय बेस," ते म्हणाले. "पन खुर्चीवरनं मानूस दिसत न्हाई, पोरी. फाटकापतोर जायाला लागतंय."